एफएमएलए रजा: नोकरी राखते, पगार देत नाही

एफएमएलएकडून पगाराची अपेक्षा ठेवली तर पहिल्याच महिन्यात निराशा होते. अमेरिकेच्या १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्टने (म्हणजेच एफएमएलएने) गंभीर आजारपण, नवजात बाळ अशा कारणांसाठी मिळणारी रजा बिनपगारी आहे. बारा महिन्यांत बारा आठवडे, परत आल्यावर तीच किंवा पगार-हुद्दा-कामात तिच्याच तोडीची जागा, आणि मधल्या काळात कंपनीचा आरोग्य विमा आधीच्याच अटींवर चालू. एवढाच माल आहे. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला पुण्यातल्या आयसीयूमधून फोन येतो तेव्हा पगाराच्या आधी नोकरीचाच विचार मनात येतो, आणि त्या कामाला हा कायदा पुरतो. अट एकच, कागद वेळेवर गेले पाहिजेत. आमचे गुण आधीच सांगून टाकतो: नोकरी राखण्यासाठी पाचपैकी चार, पैशासाठी शून्य, कागदपत्रांच्या सोयीसाठी दोन, आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी जो भाग नंतर जोडला गेला त्याला साडेचार.

आधी प्रवेशाच्या अटी, कारण निम्म्या तक्रारी इथेच उगम पावतात. कंपनीकडे तुमच्या कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आत किमान ५० कर्मचारी हवेत, तुमची तिथली नोकरी एकूण १२ महिन्यांची हवी, आणि रजा सुरू होण्याआधीच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेले १,२५० तास हवेत. १२ महिने सलग असण्याची गरज नाही. तासांत मात्र सुट्ट्या धरत नाहीत, भरपगारी असल्या तरी. पूर्णवेळ माणसाला १,२५० तास म्हणजे आठवड्याला साधारण २४, त्यामुळे ही अट सहसा आड येत नाही. पार्टटाइम असाल, किंवा त्याच वर्षात आधी एक लांब रजा झाली असेल, तर बेरीज करून बघा. सरकारी कार्यालयं आणि शाळांना ५० माणसांचा नियम कंपनी म्हणून लागत नाही, पण तिथल्या कर्मचाऱ्याला ७५ मैलांत ५० ची अट पाळावीच लागते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

घरून काम करणाऱ्यांचा घोळ वेगळा. फ्लोरिडातल्या टाम्पामध्ये बसून तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ऑफिसला रिपोर्ट करत असाल, तर कामाचं ठिकाण एडिसन धरायचं. तुमचं घर धरायचं नाही. कामगार खात्याने २०२३ च्या फेब्रुवारीत हे स्पष्ट केलं आहे. ‘फ्लोरिडात आपला एकच माणूस आहे, म्हणून तुम्ही बसत नाही’ असं एचआरने सांगितलं तर ते चूक आहे.

कन्सल्टन्सीमार्फत क्लायंटकडे बसणाऱ्यांसाठी कायद्यात दोन मालक असतात. पगार देणारी कन्सल्टन्सी मुख्य मालक, आणि रजेच्या नोटिसा व विमा ही तिची जबाबदारी. क्लायंट दुय्यम मालक, पण रजा घेतली म्हणून तुमच्यावर राग काढण्याची मोकळीक त्यालाही नाही. तास मोजताना दोघांकडचं काम एकच धरतात. कामाचं ठिकाण साधारणपणे कन्सल्टन्सीचं ऑफिस, पण क्लायंटच्या इमारतीत प्रत्यक्ष बसून वर्ष झालं असेल तर ते ठिकाण धरलं जातं आणि ७५ मैलांची मोजणी नव्याने करावी लागते. वीस-तीस माणसांच्या कन्सल्टन्सीत असाल तर एफएमएलए विसरा आणि थेट राज्याच्या कायद्याकडे वळा. १०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, काम करणाऱ्यांना यातलं काहीच नाही.

आता नात्यांचा हिशोब. नवरा किंवा बायको, मूल, आई-वडील. संपली यादी. सासू-सासरे नाहीत, भाऊ-बहीण नाहीत, आजी-आजोबाही नाहीत. अपवाद एक: ज्या आजीने किंवा काकाने लहानपणी आई-बापाच्या जागी राहून तुम्हाला वाढवलं, ते पालक धरले जातात. त्यासाठी दत्तकपत्र लागत नाही, साधं लेखी निवेदन चालतं. मूल १८ वर्षांखालचं हवं. त्याहून मोठं असेल तर अपंगत्वामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारं हवं. म्हणजे सासऱ्यांच्या बायपाससाठी जावयाला ही रजा मिळत नाही, लेकीला मिळते. आपल्याकडच्या घरांत सून हीच सासूची मुख्य शुश्रूषा करते हे वॉशिंग्टनमध्ये कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

आई-वडील भारतात असले तरी रजा मिळते का? मिळते. नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: रुग्ण दुसऱ्या देशात राहत असेल किंवा तिथे गेला असेल, तर तिथल्या कायद्यानुसार व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरचं सर्टिफिकेट कंपनीला स्वीकारावं लागतं. मराठी किंवा हिंदीत असेल तर मागितल्यावर लेखी इंग्रजी भाषांतर द्यायचं. ‘फक्त अमेरिकन डॉक्टर चालेल’ असं म्हणायची कंपनीला मुभा नाही. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर इथे आलेल्या आईला इथेच हृदयविकाराचा झटका आला, तर इथल्या हॉस्पिटलचा कागद. तोही चालतो.

अडचण येते ती भारतातल्या डॉक्टरांच्या सवयींमुळे. लेटरहेडवर ‘पेशंटला विश्रांतीची गरज आहे’ एवढी ओळ आणि सही-शिक्का, हे सर्टिफिकेट इथे अपुरं ठरतं. डिस्चार्ज कार्डही एकटं पुरत नाही. कुटुंबीयाच्या आजारासाठी डब्ल्यूएच-३८०-एफ हा फॉर्म आहे (स्वतःच्या आजारासाठी ३८०-ई). तोच हवा अशी सक्ती नाही, पण त्यात विचारलेलं सगळं आलं पाहिजे: आजार कधी सुरू झाला, किती काळ चालेल असा अंदाज, रुग्णाला कशात मदत लागते, सलग रजा हवी की अधूनमधून, आणि अधूनमधून असेल तर महिन्यातून किती वेळा व दर वेळी किती तास किंवा दिवस. हा शेवटचा रकाना रिकामा राहतो आणि अर्ज परत येतो. डॉक्टर ‘सांगता येत नाही’ किंवा ‘आयुष्यभर’ लिहितात. त्यांना आकडा लिहायला सांगा, अंदाज म्हणून. रजिस्ट्रेशन नंबर, फोन आणि ईमेल असावा, कारण कंपनीला कागद खरा आहे का हे विचारण्याचा हक्क आहे. तो फोन एचआरने किंवा रजा सांभाळणाऱ्या संस्थेने करायचा असतो. तुमच्या थेट मॅनेजरला डॉक्टरांना फोन करायची मनाई आहे. फॉर्म भारतात जाऊन मिळवण्यापेक्षा विमानात बसण्याआधी भावाला किंवा बहिणीला पीडीएफ पाठवून द्या, म्हणजे राऊंडच्या वेळी सही होते.

‘आई आयसीयूत आहे, तिथे मी काय करणार, नर्स आहेत’ असा प्रश्न काही एचआरवाले विचारतात. नियमांत काळजी घेणं म्हणजे फक्त औषधपाणी नाही. धीर देण्यासाठी जवळ असणं, आधीपासून सांभाळणाऱ्या भावजयीला आराम देणं, आईला हॉस्पिटलमधून शुश्रूषागृहात हलवण्याची व्यवस्था लावणं, हे सगळं त्यात येतं. आणि तुम्ही एकटेच सांभाळणारे असायला हवेत अशीही अट नाही.

एक गोष्ट कठोर आहे. ती आधी माहीत असलेली बरी. आई-वडील गेले की त्या दिवशी एफएमएलए संपते. अंत्यविधी, दहावा, तेरावा यांपैकी काहीही या रजेत बसत नाही. तिथून पुढे कंपनीची शोकरजा, जी बऱ्याचदा तीन ते पाच दिवसांची असते, आणि मग तुमच्या साठवलेल्या सुट्ट्या. तेराव्यापर्यंत थांबायचं असेल तर त्याच दिवशी एचआरला ईमेल करून पुढचे दिवस पीटीओमध्ये (साठवलेल्या भरपगारी सुट्टीत) लेखी बदलून घ्या. न कळवता थांबणं म्हणजे गैरहजेरी.

तारखांची साखळी अशी चालते. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर ३० दिवस आधी कळवायचं. अचानक असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, कंपनीच्या नेहमीच्या पद्धतीने. पहिल्या वेळी ‘एफएमएलए’ हा शब्द वापरायची गरज नसते, पण ‘घरगुती अडचण’ असं मोघम लिहू नका. आई, आजार, हॉस्पिटल आणि अंदाजे किती दिवस हे लिहा. त्यानंतर पाच कामाच्या दिवसांत कंपनीने तुम्ही पात्र आहात की नाही हे कळवायचं (डब्ल्यूएच-३८१), आणि डॉक्टरांचा कागद मागितला असेल तर तुम्हाला किमान १५ दिवस. हे दिवस कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. कागद अपुरा असेल तर नेमकं काय कमी आहे ते कंपनीने लेखी सांगायचं आणि दुरुस्तीला सात दिवस द्यायचे. शेवटी आणखी पाच कामाच्या दिवसांत रजा मंजूर असल्याचा किंवा नसल्याचा कागद (डब्ल्यूएच-३८२). हा शेवटचा कागद हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका. मोठ्या कंपन्या हे काम बाहेरच्या संस्थेला देतात. तिथे फॅक्स पोचत नाही, केस ‘पेंडिंग’ राहते आणि सोळाव्या दिवशी आपोआप बंद होते. फॅक्स केला तर पोचपावती जपून ठेवा, पोर्टलवर अपलोड केलं तर स्क्रीनचा फोटो. पंधरा दिवसांत डॉक्टर भेटत नसतील तर मुदत संपण्याआधी लेखी कळवा. प्रामाणिक प्रयत्न चालू असतील तर मुदत वाढवून द्यावी लागते, पण ती मागावी लागते.

आजार ‘गंभीर’ कधी धरतात? हॉस्पिटलात एक रात्र काढली की प्रश्न मिटला. नाही तर तीन दिवसांपेक्षा जास्त सलग आजारपण आणि त्यासोबत डॉक्टरांचे उपचार. मधुमेह, दमा, अपस्मार यांसारख्या जुनाट आजाराला वर्षातून किमान दोनदा डॉक्टरकडे जाणं आवश्यक. गरोदरपणाच्या तपासण्या, डायलिसिस, केमो बसतात. साधी सर्दी नाही.

केमोसारख्या उपचारांना रजा तुकड्यातुकड्यांनी घेता येते, आणि ही या कायद्याची सर्वांत वाया जाणारी सोय आहे. कंपनी इतर सुट्ट्या ज्या एककात मोजते त्याच एककात ही मोजायची, आणि ते एककही एका तासापेक्षा मोठं चालत नाही. म्हणजे बारा आठवडे म्हणजे ४० तासांच्या आठवड्याप्रमाणे ४८० तास. दर मंगळवारी तीन तास डायलिसिसला नेणं यात वर्षभर बसतं. नवजात बाळासोबत राहण्यासाठी मात्र तुकडे पाडायला कंपनीची संमती लागते, आणि ती रजा बाळ वर्षाचं होण्याआधी संपवावी लागते. नवरा-बायको एकाच कंपनीत असतील तर बाळासाठी आणि आई-वडिलांसाठी दोघांत मिळून बाराच आठवडे.

पैशाचं आता. कंपनी तुमची साठवलेली भरपगारी सुट्टी आधी वापरायला लावू शकते, म्हणजे पीटीओ आणि एफएमएलए एकाच वेळी खर्च होतात. भारतवारीसाठी जपलेल्या तीन आठवड्यांना अनेकदा इथेच गळती लागते. पण राज्याच्या योजनेतून पैसे मिळत असतील, तर त्या काळासाठी अशी सक्ती करता येत नाही, हे कामगार खात्याने २०२५ च्या जानेवारीत लेखी सांगितलं आहे. दोघांच्या संमतीने पीटीओची भर मात्र घालता येते. न्यू जर्सीत फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून बारा आठवडे ८५ टक्के पगार, कमाल मर्यादेपर्यंत. न्यूयॉर्कमध्ये बारा आठवडे ६७ टक्के, तिथेही मर्यादा. कॅलिफोर्नियात आठ आठवडे, २०२५ पासून ७० ते ९० टक्के. या तिन्ही ठिकाणी सासू-सासरे चालतात. टेक्सासमध्ये राज्याची अशी योजना नाही, तिथे कंपनी देईल ते. कॅलिफोर्नियातली पैशाची योजना नोकरीचं संरक्षण देत नाही. ते सीएफआरए या वेगळ्या कायद्याने मिळतं, पाच कर्मचाऱ्यांच्या कंपनीतही, आणि बाळंतपणासाठी तिथे चार महिन्यांपर्यंतची प्रसूतिरजा निराळी. कॅलिफोर्नियातल्या बाईने केवळ एफएमएलएचे बारा आठवडे मोजून परत येणं म्हणजे पदरचे महिने सोडून देणं.

विम्याचा तुमचा हप्ता पगारातून कापला जात होता. पगार नसेल तर तो चेकने भरावा लागतो. तीस दिवस उशीर झाला तर, किमान पंधरा दिवस आधी नोटीस देऊन, कंपनी विमा बंद करू शकते. भारतात असताना इथली पत्रपेटी कोण उघडणार, हे ठरवून जा.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी दोन गोष्टी. तुमच्या विनंतीवरून घेतलेल्या अशा रजेत पगार न देण्याची कंपनीला मुभा आहे आणि नोकरीचं नातं टिकून असल्याने तुमचं स्टेटसही टिकतं. मात्र पुढच्या एक्स्टेंशनला पे-स्टबमध्ये (पगारपावत्यांत) खंड दिसेल, तेव्हा ३८२ ची प्रत सोबत लागेल. दुसरी अधिक धोक्याची: पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल आणि स्टँपिंगची (कॉन्सुलेटमध्ये नवा व्हिसा लावून घेण्याची) तारीख लांबली, तर ते जादा दिवस एफएमएलएत बसत नाहीत. रजा आईच्या आजारासाठी आहे, कॉन्सुलेटच्या रांगेसाठी नाही. जाण्याआधी व्हिसा बघा. आणि कपातीपासून ही रजा वाचवत नाही. सगळी टीमच काढली, तर रजेवरचा माणूसही जातो. फक्त रजेमुळे त्याला निवडलं असं दिसलं तर खटला उभा राहतो.

सैनिकांच्या कुटुंबांसाठीचा भाग

हा भाग २००८ मध्ये आला, २०१० च्या संरक्षण-कायद्याने वाढला आणि २०१३ च्या नियमांनी पक्का झाला. अमेरिकन सैन्यात भरती व्हायला नागरिकत्व लागतंच असं नाही, ग्रीनकार्ड चालतं, त्यामुळे नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्हमध्ये गेलेली मुलं-मुली मराठी घरांतही आहेत. त्यांच्या आई-वडिलांना हा भाग माहीत असावा.

यात दोन रजा आहेत. पहिली, तैनातीमुळे उद्भवणाऱ्या कामांसाठी, त्याच बारा आठवड्यांतून. नवरा-बायको, मुलगा-मुलगी किंवा आई-वडील यांपैकी कोणी परदेशी तैनातीवर असेल किंवा तसा हुकूम आलेला असेल तर ती मिळते. इथे मुलाला वयाची अट नाही. सात दिवस किंवा त्याहून कमी मुदतीत हुकूम आला तर सात दिवसांपर्यंत कुठल्याही कामासाठी रजा. मुलांची शाळा किंवा पाळणाघर बदलणं, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र करणं, बँकेची कामं, समुपदेशन, निरोप आणि स्वागत समारंभ हे सगळं चालतं. सैनिक मधल्या विश्रांतीसाठी घरी आला तर त्याच्यासोबत राहायला १५ कॅलेंडर-दिवसांपर्यंत. तैनाती संपल्यावर ९० दिवसांत होणारे अधिकृत कार्यक्रमही यात येतात. सैनिक तैनातीवर असताना मृत्यू पावला, तर पार्थिव घ्यायला जाणं आणि अंत्यविधी यांत बसतात. सामान्य एफएमएलएने जे नाकारलं, ते इथे दिलं आहे.

आणखी एक गंमत. नवरा तैनातीवर गेला आणि त्याच्या आईला स्वतःचं स्वतः करता येत नसेल, तर तिची पर्यायी देखभाल लावायला, तातडीच्या वेळी स्वतः करायला किंवा नर्सिंग होमच्या बैठकीला जायला सुनेला ही रजा मिळते. जी सासू एरवी यादीत नाही, ती मुलाने गणवेश घातल्यावर यादीत येते. पण रोजच्या शुश्रूषेसाठी नाही. फॉर्म डब्ल्यूएच-३८४, आणि पहिल्या वेळी तैनातीच्या हुकमाची प्रत. विश्रांतीच्या रजेसाठी त्या रजेचा वेगळा हुकूम जोडायचा. तैनाती देशातल्या देशात असेल, म्हणजे नियमित सैन्यातल्या मुलाची टेक्सासहून जॉर्जियाला बदली, तर ही रजा लागू नाही. इथे बरेच अर्ज पडतात.

दुसरी रजा जखमी किंवा कर्तव्यामुळे आजारी झालेल्या सैनिकाच्या शुश्रूषेसाठी, एका बारा महिन्यांत २६ आठवडे. इथे नात्यांची यादी वाढते: नवरा-बायको, आई-वडील, मुलं यांच्याबरोबर सर्वांत जवळचा रक्ताचा नातेवाईक. भाऊ-बहीण, आजोबा, काका, चुलत भाऊही. सैनिकाने लेखी कोणाला नेमलं असेल तर तोच. हे बारा महिने कंपनीच्या नेहमीच्या हिशोबाने मोजत नाहीत, रजेच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि उरलेले आठवडे पुढे नेता येत नाहीत. त्या वर्षात इतर कारणांची रजाही याच २६ मध्ये बसते, तीही बारापर्यंतच. निवृत्त सैनिकासाठी अट अशी की तो रजा सुरू होण्याआधीच्या पाच वर्षांत सेवेतून बाहेर पडलेला असावा, आणि शिस्तभंगाने काढलेला नसावा. सेवेतल्या सैनिकासाठी फॉर्म ३८५, निवृत्तासाठी ३८५-व्ही. संरक्षण खात्याने कुटुंबाला बोलावणाऱ्या प्रवासाच्या आदेशाची प्रत दिली असेल तर त्या मुदतीपुरतं तेच सर्टिफिकेट म्हणून चालतं. फॉर्म भरायला जखमी मुलाच्या वॉर्डमध्ये डॉक्टर शोधत बसावं लागत नाही. या भागाला साडेचार गुण देण्याचं कारण मुख्यत्वे हेच. अर्धा कापला तो पाच वर्षांच्या मुदतीसाठी, कारण लढाईचा मानसिक आघात कधी कधी त्यानंतर वर येतो.

बारा महिने कोणते धरायचे हे कंपनी ठरवते. कॅलेंडर वर्ष असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी जोडून दोन वर्षांची रजा सलग घेता येते, म्हणून बहुतेक मोठ्या कंपन्या ‘मागे मोजलेलं’ वर्ष धरतात: आज रजा हवी असेल तर गेल्या १२ महिन्यांत किती वापरली ते बघा आणि उरलेली मिळेल. पद्धत धोरणात लिहिलेली नसेल तर कर्मचाऱ्याला सर्वाधिक फायद्याची ती लागू होते.

कंपनीने रजा नाकारली किंवा परत आल्यावर जागा बदलली तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे तक्रार करता येते; फी नाही, आणि तक्रारदाराचं नाव ते गुप्त ठेवतात. थेट कोर्टातही जाता येतं. मुदत दोन वर्षांची, कंपनीने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. ईमेल, ३८१, ३८२ आणि डॉक्टरांचे कागद ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका. नोकरीवरून काढलं तर लॉगिन त्याच दुपारी बंद होतं.